छपराला खिडकी, खिडकीला झाकण

ब्रिटनी हा फ्रान्सचा असा कोपरा, की ऊन पडलं की लोक कामं टाकून बाहेर येऊन बसतात. त्यामुळे ब्रेस्टच्या एका निवृत्त जोडप्याच्या 11 मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीवर लाटांचे शिंतोडे अडवायला पुढे ताठ कापडी टोप होता, पण कॉकपिटवर छप्पर नव्हतं. सूर्याला कोण अडवतो! अटलांटिक ओलांडून बोट मार्टिनिकच्या ल मारँ बंदरात लागली. भर दुपारी कप्तानसाहेब अर्ध्या चड्डीवर कॉकपिटच्या बाकावर बसले आणि बसले त्याहून चपळाईने उठले.

ल मारँ म्हणजे कॅरिबियनमधल्या शिडाच्या बोटींचं मोठं ठाणं. तिथे छप्पर शिवणारे कारागीर आहेत. कारागिराने स्टेनलेस पाइपांच्या घडीच्या कमानींवर ताणलेल्या कापडाचा, म्हणजे ‘बिमिनी’चा, भाव सांगितला तेव्हा बाईंना घाम फुटला. तो उन्हाचा नव्हता. मग मापं घेताना भानगडी निघाल्या. सुकाणूवर उभ्या माणसाचं डोकं लागता कामा नये, म्हणून छप्पर उंच हवं. शिडाच्या तळाची आडवी बूम इकडून तिकडे फिरताना कापडाला घासता कामा नये, म्हणून ते बुटकं हवं. डोलकाठीला मागून ताणून धरणारी तार नेमकी मधून जाते, तिच्यासाठी चीर आणि चिरेला चेन. शिवाय शिडावर नजर हवी, म्हणून छपराला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी. त्या खिडकीतून ऊन थेट कप्तानांच्या टकलावर, म्हणून खिडकीला झाकण. आणि झाकण लावलं, की शीड दिसत नाही.

कापडाचा प्रश्न त्यामानाने सोपा. इथे चालतं ते ॲक्रिलिक, ज्याचा रंग धागा काततानाच आत मिसळलेला असतो. तो उन्हात लवकर विटत नाही. पांढरं कापड तापत नाही, पण त्यातून झिरपणारा उजेड डोळ्यांना खुपतो. गडद निळं तापतं, पण खालची सावली दाट असते. खरा घात होतो दोऱ्यात. कापड धडधाकट आणि पॉलिएस्टरचा दोरा उन्हाने कुजून टिपा उसवलेल्या, अशी छपरं नांगरतळावर कितीतरी दिसतात. पीटीएफईचा दोरा उन्हाला दाद देत नाही. त्याची किंमत ऐकून खिसाही दाद देत नाही.

“मीच शिवते,” बाई म्हणाल्या. शेजारच्या बोटीवर अमेरिकेतल्या सेलराइट कंपनीचं शिवणयंत्र होतं. जगभरच्या शिडवाल्यांना यंत्रं पुरवणारी ही कंपनी आहे इंडियाना राज्यात, समुद्रापासून शेकडो मैल आत. सुमारे 20 किलोचं ते धूड डिंगीतून आणताना कप्तानांनी एकदा तळाकडे आणि एकदा देवाकडे पाहिलं. छप्पर मात्र झकास झालं. ते घेऊन मंडळी, आणि जोडीने यंत्रवाली शेजारची बोटही, सेंट लुशियावरून बेक्वियाला पोहोचली.

बेक्विया 13 अंश उत्तरेला. एप्रिलच्या शेवटी दुपारी सूर्य तिथे बरोबर माथ्यावर येतो, त्यामुळे बाराच्या सुमारास छपराची सावली चोख कॉकपिटमध्ये. कप्तान खुशीत. चार वाजता त्यांची खुशी वितळली. या पट्ट्यात व्यापारी वारे पूर्वेकडून येतात. नांगरलेली बोट वाऱ्याकडे तोंड करते, म्हणजे पाठ पश्चिमेला. बहुतेक शिडाच्या बोटींचं कॉकपिट असतं मागे. थोडक्यात, बसायची जागा मावळत्या सूर्याच्या अगदी तोंडाशी! छप्पर डोक्यावर आणि ऊन मांडीवर.

“मागून पडदा लावू,” बाई म्हणाल्या. जाळीचा लावला, कारण त्यातून वारा खेळतो आणि बंदरही दिसतं. माझ्या मते, नांगरावरच्या बोटीत पैसे आधी या पडद्यावर घालावेत आणि मग छपरावर. पण कारागिराच्या दुकानात शिरताना सगळे वरच बघत असतात.

मग टोबॅगो केज. प्रवाळाची रांग लाटा अडवते, वारा नाही. तो सरळ अटलांटिकवरून येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की कापडावरचा जोर चौपट होतो. पुढच्या डेकवर कप्तानांनी हौसेने ताणलेली चंदेरी ताडपत्री रात्री अशी फडफडू लागली, की शेजारच्या बोटींवर दिवे लागले. अर्ध्या झोपेत तिच्या गाठी सोडताना बाईंनी फ्रेंचमध्ये जे उद्गार काढले, ते मासिकात छापता येत नाहीत.

जूनमध्ये चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो, तो नोव्हेंबरअखेरपर्यंत. 1 जुलै 2024 ला बेरिल चक्रीवादळ कारियाकू बेटावर आदळलं, त्याची आठवण तिथे ताजी आहे. वादळाची चाहूल लागली की शिडांबरोबर छप्परही उतरवायचं, हा नियम. मे महिन्यात याच बेटाच्या टिरेल बेमध्ये नांगर टाकून बाईंनी छप्पर सोडण्याची रंगीत तालीम घेतली. कमानी पडल्या, कापडाची घडी झाली, कप्तान परत उन्हात.

आणि वारा पडला. बोट सावकाश फिरली, नाळ पश्चिमेला झाली आणि मागचा पडदा पूर्वेकडच्या रिकाम्या आभाळाला अडवत उभा राहिला. “आता पुढून एक शिवायचा का?” कप्तानांनी विचारलं. बाई शिवणयंत्र परत करायला डिंगीत उतरल्या होत्या.