खालीचा अधिकार

तालाच्या बाबतीत माझा शब्द अखेरचा मानण्याची वहिवाट आमच्या हैदराबादेतील नारायणगुड्याच्या स्नेहीमंडळींत इतकी जुनी आहे की, विवेकवर्धिनी संस्थेत एखाद्या मैफलीत तबलजी लांबलचक तिहाई घेऊन समेवर उतरला म्हणजे चारदोन माना त्याच्याकडे न वळता माझ्याकडे वळतात, आणि मी अर्धोन्मीलित नेत्रांनी तर्जनी किंचित हलवून मंजुरी देईपर्यंत ती सम रुजू झाली असे कोणी धरीत नाही. निदान मी धरीत नाही. अशा मुन्सफाला एका जपानी खेळाने ‘मिस’ असा शेरा मारावा, आणि तोही नातीच्या देखत, हा प्रकार मुकाट्याने गिळण्याजोगा नव्हे.

खेळाचे नाव ‘थिएट्रिदम फायनल बार लाइन’. 1987 पासून चालत आलेल्या ‘फायनल फँटसी’ या मालिकेतील संगीत एकत्र करून तो 2023 मध्ये निघाला आणि त्यात मूळच्याच 385 रचना आहेत. मालिकेत तलवारी, राक्षस आणि जगबुडी यांची रेलचेल असली तरी येथे पडद्यावरून सरकत येणारी चिन्हे वर्तुळात शिरताक्षणी संगीताबरहुकूम बटण दाबणे एवढेच कर्तव्य उरते: तांबड्याला एक आघात, हिरव्याला दाबून धरणे, पिवळ्याला बाणाच्या दिशेने दांडी ढकलणे. प्रत्येक कृतीवर ‘क्रिटिकल’, ‘ग्रेट’, ‘गुड’, ‘बॅड’ अथवा ‘मिस’ असा निकाल जागच्या जागी लागतो. ज्याची उभी हयात हिशेबाच्या कचेरीत दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारण्यात गेली, त्याने मात्रेमात्रेला शेरे घ्यावेत! आमच्या वेळी गोपनीय अहवाल वर्षाकाठी एकदा येई आणि त्यावर कैफियत देण्यास मुदत असे.

प्रथम मी दोष टीव्हीवर ठेवला. तो अगदीच निराधार नव्हता, कारण हल्लीचे टीव्ही चित्र नटवून दाखविण्याच्या नादात ते क्षणभर उशिरा दाखवितात. नातीने निमूटपणे खेळातली वेळ जुळविण्याची सोय उघडली, जुळवणी केली, आणि माझा बचाव खारीज झाला.

खरे कारण खाली हे होते. तीनतालाच्या 16 मात्रांपैकी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी पडते, परंतु नवव्या मात्रेवर टाळी न देता हात हवेत उघडावयाचा असतो; तीच खाली. डग्ग्याची घुमार मिटते, ‘धिं’चा ‘तिं’ होतो, आणि गवयाला मान न वळविताही उमगते की अर्धे आवर्तन सरले. माझ्या मते समेपेक्षा, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपेक्षा, खाली थोर. सम कोणालाही कळते, पहिल्या रांगेतल्या देणगीदारालासुद्धा. खाली कळावयास अंगात काही मुरावे लागते. विलंबित एकतालात 12 मात्रांचे एक आवर्तन मिनिटभर चालू शकते आणि त्यात दोन खाली येतात, तिसऱ्या नि सातव्या मात्रेवर. रूपकाची तर बातच निराळी: अवघ्या 7 मात्रा, आणि सम हीच खाली! जेथे सारे मिळून धडाडून यायचे, तेथेच रिकामा हात दाखवायचा, हा विनय मला हिशेबाच्या कोणत्याही खात्यात आढळला नाही. विषयांतर होत आहे हे मी जाणतो. परंतु खालीवर लेख मागणारा संपादक मला अद्याप भेटलेला नसल्यामुळे आली संधी दवडवत नाही.

तर युद्धाच्या रचनांत चिन्हे चार रांगांतून धावत येतात. 1997 सालच्या ‘वन-विंग्ड एंजल’मध्ये लॅटिन समूहगान घोंघावत असते, आणि ऐन नवव्या मात्रेला माझा उजवा हात, बालपणीच्या संस्काराला जागून, बटणावरून उठतो आणि हवेत उघडतो.

“आजोबा, हात कायकू वर करता? तो मारतोय ना आपल्याला!”

या रचनेचे कर्ते नोबुओ उएमात्सु यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही आणि तरीही मालिकेच्या पहिल्या नऊ भागांचे संगीत एकट्याने रचले, ही माहितीही नातीनेच पुरविली. ती ऐकून मला व्हावयास हवा होता तेवढा आनंद झाला नाही.

मला खरा राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. आपल्याकडचा संगतकार गवयाचा श्वास ऐकतो, लय किंचित सैल सोडतो, वाट पाहतो. यंत्राला वाट पाहता येत नाही. आणि आमच्या घरात वाट पाहण्याचेच दिवस आहेत. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ निघालेली शाळा ज्या वस्तीत उभी आहे, त्याच वस्तीत माझी नात शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी तेलुगू नि हिंदी बोलते, आणि मराठी माझ्यापुरती राखून ठेवते. तीही शिधापत्रिकेवर मिळाल्यासारखी. तबला शिकविण्याचा माझा प्रस्ताव तिने केव्हाच फेटाळला होता.

हल्ली आम्ही दोघांनी मिळून एकच रचना वाजविण्याचा प्रकार निवडतो. परवा तिच्याकडे सहज पाहिले, तर दोन्ही हात गुंतलेले असताना ती ओठांतल्या ओठांत मात्रा मोजीत होती, आणि आठवी संपता संपता ओरडली, “आजोबा, खाली आली, हात खाली!” केवळ माझा हात आवरण्यासाठी या पोरीने तीनताल पाठ केला होता. हात मात्र वर गेलाच, आणि ‘मिस’ही पडला.

एक विनंती: या 385 रचनांत 7 मात्रांची, रूपकात बसणारी एखादी रचना कोणा वाचकास आढळल्यास त्याने ती नातीला न सांगता प्रथम मला कळवावी.