समुद्रदर्शनाची आधुनिक सोय

मुरूडच्या एका होतकरू तरुणाने जुनाट कॉम्प्युटरला आरटीएक्स 3060 हे ग्राफिक्स कार्ड बसवले, त्याबद्दल त्याचे जाहीर अभिनंदन. कार्ड 170 वॅट खाते, म्हणून 550 वॅटचा एसएमपीएस आला. कार्ड आत मावेना, म्हणून कॅबिनेट. प्रोसेसर धापा टाकू लागला, म्हणून तोही, आणि त्याच्यापायी मदरबोर्ड. माऊस तेवढा जुनाच ठेवला. काटकसर म्हणतात ती हीच! पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा वाडीतल्या चार पोफळी तोडून तिथे खासगी ट्रान्सफॉर्मर उभारण्याचे घाटते आहे.

फळ मात्र मिळाले. रे ट्रेसिंगमुळे पडद्यावरचा समुद्र हुबेहूब दिसतो, लाटेवरच्या उन्हासकट. समुद्राकडची खिडकी तेवढी खिळे ठोकून बंद केली आहे. खारा वारा कार्डाला सोसत नाही.