चतुराचे छायाचित्र जवळून कसे काढावे : होतकरूंसाठी कार्यपद्धती

प्रथम कॅमेरा घ्यावा. हप्त्यांवर घेतल्यास उत्तम. तळ्याच्या काठावर पाय घसरला तरी हात तो सोडत नाही. त्यावर 100 मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स चढवावी. लेन्सची खरी किंमत घरी सांगू नये. साहित्याचे प्रकरण इथेच संपले, कारण खरी अडचण उमेदवाराच्या गुडघ्यांत असते.

भाताच्या बांधावर किंवा डबक्याच्या काठावर चतुर बसलेला दिसला की त्याच्याकडे जायचे. बहुतेकांचा कार्यक्रम इथेच आटोपतो. मोठ्या चतुराच्या एकेका डोळ्यात भिंगे 30,000 च्या घरात असू शकतात, आणि ते डोळे डोक्यावर असे पसरलेले की जवळजवळ चहूकडचे दिसते. त्याच्याकडे चोरपावलांनी जाणे म्हणजे चाळीच्या गॅलरीतून कोणाला न दिसता जाण्यासारखे आहे. तरीही जावे. आडवे हलू नये. खाली बसून, सरळ त्याच्या दिशेने, इंचाइंचाने सरकावे. सूर्य कुठे आहे ते आधी बघून ठेवावे, कारण आपली सावली अंगावर पडली की स्वारी पसार.

उडाला तर मागे धावू नये. हद्द राखून बसणारे नर माशी-डास टिपून बहुधा त्याच काडीवर परत येतात. तेव्हा काडीवर फोकस लावून बसून राहावे. या अवस्थेत बांधावरून जाणारे लोक “काय हरवलंय का?” असे विचारतील. खरे उत्तर दिले तर पुढचा वेळ खुलासे करण्यात जातो. “किल्ली पडलीय” म्हटले तर चार भली माणसे शोधायला चिखलात उतरतात आणि तळ्यावरचे सगळे चतुर उठवतात. सबब, मान हलवून हसावे.

उत्तम मुहूर्त थंडीतल्या दवाच्या पहाटेचा. त्या वेळी चतुराचे अंग गारठलेले असते. पंख थरथरवून किंवा उन्हात शेकून स्नायू गरम झाल्याशिवाय त्याला उडताच येत नाही. अडचण एकच, की त्या वेळी उमेदवारालाही उठता येत नाही. भर दुपारी काही जाती शेपटी सरळ सूर्याकडे उभी करतात. (शास्त्रात तिला पोट म्हणतात, आणि ते सांगणारा कोणीतरी भेटतोच.) नवशिक्याला वाटते, आपल्यासाठी पोझ दिली. अंगावर कमी ऊन पडावे म्हणून केलेली ती सोय असते. आपण टोपी घालावी.

इतक्या जवळून फोकसमध्ये येणारा भाग जेमतेम काही मिलिमीटरचा. डोळे स्पष्ट आले की शेपटी धूसर. दोन्ही हवे असतील तर लेन्स चतुराच्या अंगाला काटकोनात धरावी आणि अपर्चर एफ/11 च्या आसपास न्यावे. मग प्रकाश कमी पडतो, म्हणून आयएसओ वाढवावा. मग फोटोत दाणे येतात, म्हणून फ्लॅश घ्यावा. मग पंख नको तितके चमकतात, म्हणून फ्लॅशवर दुधाची पिशवी धुऊन बांधावी. लाखभराचे सामान शेवटी दुधाच्या पिशवीवर येऊन ठेपते.

पावसाळा सरताना मैदानावर थव्यांनी घिरट्या घालणाऱ्या पिवळसर पँटाला फ्लेव्हेसेन्सच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नये. तो बराच काळ हवेतच असतो. हे चतुर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेला जात असावेत, असे संशोधक चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडले. ज्याला आफ्रिका गाठायची आहे, तो तुमचा फोकस लागेपर्यंत थांबणार नाही. आळशी उमेदवारांनी ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा निवडावा. तो शहरातही सिमेंटच्या भिंतीवर पंख टेकून निवांत बसतो, टाक्यांच्या पाण्यात वाढतो. दोष एवढाच, की रंग हुबेहूब भिंतीचा. घरचे फोटो बघून “भिंत कशाला काढलीस?” म्हणतात.

चतुर पकडून, फ्रिजमध्ये गारठवून, मग फांदीवर मांडणारे महाभाग आहेत. त्यांनी हे मार्गदर्शन वाचू नये, कॅमेराही विकून टाकावा. लहानपणी ज्यांनी शेपटीला दोरा बांधून चतुर उडवले, त्यांनी चिखलात बसण्याचे कष्ट दंड समजून मुकाट सोसावेत.

शेवटचे कलम नावाचे. समोरून काढलेला टपोऱ्या डोळ्यांचा फोटो वाहवा मिळवतो, पण जात ओळखायला फारसा कामाचा नसतो. चतुरांचे अभ्यासक एफ. सी. फ्रेझर यांनी 1933 ते 1936 या काळात भारत आणि आसपासच्या भागातल्या चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले. आजही ओळख पटते ती छातीवरचे पट्टे, पंखांच्या शिरा आणि शेपटीच्या टोकाचे अवयव पाहूनच. म्हणून चेहऱ्याचा मोह आवरून एक फोटो बाजूने, एक वरून घ्यावा. पंख पाठीवर मिटून बसलेला सुईसारखा बारीक जीव दिसला तर ती बहुधा टाचणी. तिलाही हेच नियम लागू, फक्त आणखी खाली वाकावे.