कोशिंबीरवाले नाना

गिरगावात घरटी एक तरी पुरुष असा निघतो, ज्याला सबंध स्वयंपाकातली फक्त कोशिंबीर येते. आमच्या खोताच्या वाडीत त्याला नाना म्हणतात. एरवी त्यांना चहाही हातात लागतो. पण चैत्रातला उकाडा सुरू झाला की अकराच्या सुमाराला नसलेल्या बाह्या सावरत ते स्वयंपाकघरात शिरतात. “सरा जरा. पाच मिनिटांचं काम आहे.”

या पाच मिनिटांची सुरुवात आदल्या संध्याकाळी भाजी गल्लीत होते. काकडी कोवळीच हवी, लिंबू पातळ सालीचं, कागदीच. एप्रिल २०२२ मध्ये एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना झालं, तेव्हा सुनेने दही सुचवून पाहिलं. नाना दोन दिवस बोलले नाहीत.

काकडीचं देठाकडचं टोक कापून तोच तुकडा कापल्या जागी गोल गोल घासायचा, पांढरा फेस येईपर्यंत. कडवटपणा देठाकडे आणि सालीलगत जास्त असतो, म्हणजे टोक उडवलं तिथेच निम्मं काम झालं. पण फेस बघितल्याशिवाय नानांचा काकडीवर विश्वास बसत नाही. पहिली चकती नातवाला. त्याचं तोंड वाकडं झालं नाही, की काकडी पास.

मग चोचवणं. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून सुरीने वरून टोचे मारत ती फिरवत जायची आणि वरचा थर कापून ताटात पाडायचा. किसणीला घरात बंदी. किसलं की काकडीचं पाणी होतं म्हणतात, आणि ते खरंही आहे. सुनेने आणलेल्या दोरीच्या चॉपरमध्ये सध्या रबरबँडं असतात.

दाणे भाजून कूट करतात काकू. खोबरं खवतात काकू. तुपात जिरं-हिरव्या मिरचीची फोडणी सुनेची. पातेली, सुऱ्या, सालं कोणी आवरायची, हे सांगायला नकोच. कोशिंबीर मात्र नानांची.

शेजारच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती आंटींशी नानांचा मतभेद जुना आहे. खोताने इथल्या जमिनी ईस्ट इंडियन कुटुंबांना विकल्या तेव्हापासूनचा असावा, असं ऐकणाऱ्याला वाटतं. एकेकाळी वाडीत ६५ बंगले होते, आता तिसाच्या आत उरलेत. पण लिंबू की व्हिनेगर हा वाद दोन्ही गच्च्यांवरून शाबूत आहे. आंटी कांदा-टोमॅटोवर व्हिनेगर शिंपडतात. “आंटी, ते लोणच्याला!” नाना ओरडतात. “नाना, तुमचं लिंबू सरबताला!” आंटी तिकडून.

नानांचा खरा जीव मिठात. मीठ आधी पडलं की काकडीला पाणी सुटतं, कूट भिजून लगदा होतो. म्हणून पानं मांडून सगळे बसेपर्यंत मिठाला हात नाही. “कोणी घालू नका हं, मी घालतो,” हे ते दिवाणखान्यातूनही दोनदा बजावतात.

परवा पाहुणे होते. पहिला घास घेऊन व्याही थबकले. काकूंनी चव घेतली आणि नानांकडे बघितलं.

“अहो, मीठ?”

नानांनी क्षणभरच विचार केला. “पानात डावीकडे मीठ कशासाठी वाढतात मग?” म्हणाले, आणि व्याह्यांना कोशिंबिरीचा आग्रह करू लागले.