पत्र्याच्या डब्याची सुंदरी

१९८५च्या सुपर बोल सामन्यादरम्यान अमेरिकन टीव्हीवरच्या एका जाहिरातीत संगणकावर घडवलेली चंदेरी यंत्रसुंदरी अवतरली. विकायचं काय होतं? डबाबंद अन्न! एअरब्रशवाल्यांनी ही जादू कागदावर आधीच साधली होती: मास्किंग फिल्मची कापीव कड, काळ्या पट्ट्याशेजारी पांढरा ठिपका, की कागदाचा क्रोम होतो. ब्रशचा ओरखडा दिसत नाही, म्हणजे माणूसही दिसत नाही. आणि माणूस दिसला नाही की गिऱ्हाईक निमूट पैसे मोजतं. ही जाहिरात बनवणाऱ्या रॉबर्ट एबलच्या स्टुडिओनेही खऱ्या बाईच्या सांध्यांवर काळे ठिपके लावून हालचाली टिपल्या, मग बाई पुसून टाकली. कोणी म्हणेल, जाहिरातीच्या पैशाशिवाय संगणकी अ‍ॅनिमेशन वाढलंच नसतं. कबूल. पण सुंदरीचं नाव अजून निघतं, डबा कुठल्या कंपनीचा होता ते कुणालाच आठवत नाही. आठवू नकाच; जाहिरात कंपनीची नव्हती, डबाबंद अन्नाच्या माहिती परिषदेची होती.