‘उल्हासनगर मेड’ : अर्थ, उगम व वापरविधी

‘उल्हासनगर मेड’ हे मुंबई-ठाणे पट्ट्यातले विशेषण आहे. दुकानात अस्सल दिसणाऱ्या आणि दुसऱ्या धुण्यात मान टाकणाऱ्या वस्तूला ते लावतात. समानार्थी शब्द : डुप्लिकेट, तकलादू, अलीकडे ‘चायना माल’.

उगम असा. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकींत ठेवले गेले. १९४९ साली वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले, तरी पत्त्यात ‘कॅम्प नंबर’ आजही टिकून आहे. घरदार मागे टाकून आलेल्या माणसांनी मिळेल तो धंदा उभा केला. त्या काळी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि गिऱ्हाइकाला हवा असे तो ‘फॉरेनचा’च. तेव्हा इथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असे छापत, आणि यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, असे सांगतात. तो शिक्का प्रत्यक्ष पाहिलेला माणूस सांगणाऱ्याचा मावसभाऊच असतो.

वापराचा मुख्य नियम : वस्तू दुसऱ्याची असावी. नातलगाकडे नवी बॅग दिसताच ती मागून घ्यावी, उलटी करावी, नखाने खरवडावी, ओठ मुडपावेत आणि ‘उल्हासनगर?’ एवढेच विचारावे. उत्तराची वाट पाहू नये. किंमत कळल्यावर ‘फसवलं तुम्हाला’ म्हणावे, मगच चहा घ्यावा. हे काम घरातले एक जाणकार काका करतात. त्यांच्या स्वतःच्या दिवाणखान्यातला सोफा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातला असतो, पण तो विषय काढायचा नसतो. 

जीन्स हा उल्हासनगरातला मोठा धंदा, म्हणून पारखण्याची रीत इथे नोंदवणे योग्य. पँट आधी उलटी करावी. आतली शिवण दुहेरी असावी, दोरे लोंबत नसावेत, खिशाचे अस्तर बोटांना जाड लागावे. चेन चार-पाचदा वरखाली करावी. ओला पांढरा रुमाल घासून रंग किती सुटतो ते पाहावे. लेबल शेवटी पाहावे. कित्येकदा सगळ्या पँटीत तेवढेच नीट शिवलेले असते.

अपवाद : उल्हासनगरची वस्तू वर्षानुवर्षे टिकल्यास हे विशेषण लागू होत नाही. अशा वेळी काका ‘तेव्हाचा माल वेगळा होता’ असे म्हणतात.