सहा आरशांची विजय सुपर

“मोहरी चौदा ठेवा,” मी म्हणालो. मास्तरांनी टेप गळ्यात टाकला, चष्मा कपाळावर नेला आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, “काहून बाप्पा? कापड कमी पडून राह्यलं काय?”

१९७९ साली अमरावतीत चौदा इंच मोहरीची पँट दोनच प्रकारची माणसं घालत. एक रिटायर झालेले हेडमास्तर, आणि दुसरे मोठ्या भावाची पँट आल्टर करून वापरणारे धाकटे. बाकी सगळं तरुण गाव चोवीस-सव्वीसच्या बेलबॉटमनं राजकमल चौक झाडत फिरत होतं. मी मात्र मॉड होतो. अख्ख्या वऱ्हाडात एकटा. मोजदाद माझीच होती, त्यामुळे आकड्याबद्दल वाद नव्हता.

मॉड म्हणजे काय हे मला रद्दीतल्या एका विलायती मासिकानं शिकवलं आणि मी ते वडिलांना शिकवायला गेलो. लंडनमध्ये पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी काही पोरं मॉडर्न जॅझ ऐकायची, स्वतःला मॉडर्निस्ट म्हणवायची, त्याचं पुढे मॉड झालं. बारीक कापलेले केस, अंगाबरोबर बेतलेला तीन बटणांचा कोट, इटालियन स्कूटर आणि रात्र-रात्र अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं सोल संगीत.

“म्हणजे हिप्पी,” वडील म्हणाले.

“हिप्पीच्या एकदम उलट.”

“आंघोळ करतात?”

“दोनदा.”

“मग काही हरकत नाही,” म्हणून त्यांनी पेपर वर धरला.

कोट शिवला तो चैत्रात आणि मिरवला वैशाखात. अमरावतीचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. एवढंच सांगतो की विदर्भ महाविद्यालयाच्या दगडी इमारतीसमोर मी तिन्ही बटणं लावून उभा राहिलो, तेव्हा एका ज्युनिअर मुलीनं मला आदरानं विचारलं, “सर, प्रॅक्टिकल आज आहे का?” त्या दिवशी अंगावर उठलेलं घामोळं पोळ्यापर्यंत पुरलं.

पण खरा मॉड ओळखावा तो स्कूटरवरून, आणि इथे नशीब माझ्या बाजूनं होतं. आमच्याकडे लखनौची विजय सुपर होती. विजय सुपर म्हणजे नाव बदललेली लॅम्ब्रेटाच! मिलानच्या इनोसेंटी कंपनीनं लॅम्ब्रेटा बंद केली आणि १९७२ मध्ये भारत सरकारनं तिची सगळी यंत्रसामग्री विकत घेऊन लखनौला आणली. जी स्कूटर चालवायची म्हणून लंडनची पोरं हप्ते फेडत होती, तिच्याच वंशातली आमच्या ओसरीत तेल गाळत उभी होती. मित्रांना मी सांगायचो की आमच्या घराण्याची निष्ठा लॅम्ब्रेटावर आहे. खरी गोष्ट अशी की वडिलांचा नंबर बजाजच्या यादीत होता, यादी दहा-दहा वर्षं हलत नसे, आणि विजय सुपर लगेच मिळत होती. माझं सगळं मॉडपण परमिटराजच्या कृपेचं होतं.

मासिकातल्या फोटोत स्कूटरच्या पुढच्या बाजूला आरशांचं झाड होतं. वीस-पंचवीस तरी असतील. मला सहा परवडले. सायकलच्या दुकानातून आणले, पट्ट्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या आणि पहिल्याच दिवशी इर्विन चौकात हवालदारानं थांबवलं. लायसन मागितलं नाही. स्कूटरभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि विचारलं, “यात्रा कुठली भाऊ? बहिरमची काय?” आरसे, फण्या, रिबिनी विकणारा समजला तो मला. मागून कोण येतंय हे त्या सहांपैकी एकाही आरशात दिसत नव्हतं, कारण सहाही मी माझ्याकडे वळवून घेतले होते.

आमचं टोळकं चौघांचं. नावं सांगत नाही, तिघांनाही आता नातवंडं आहेत आणि आजोबांची अब्रू शिल्लक आहे. एक वकील, एक गुरुजी, आणि एक अकोलेकर, जो शिकायला अमरावतीत खोली करून राहत होता. सोल संगीत आणलं ते अकोलेकरानं. त्याचे काका लेस्टरला होते. त्यांनी सुटीत आणलेली मोटाउनच्या गाण्यांची एक कॅसेट आणि एक टू-इन-वन, एवढ्या भांडवलावर आमचं आयुष्य उभं राहिलं. इंग्रजी आम्हाला निम्मं कळायचं आणि उरलेलं निम्मं आम्ही जास्त चांगलं समजून घ्यायचो.

त्याची आई अकोल्याहून भाकरीचं पीठ घेऊन यायची. एकदा ती भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती आणि आम्ही डोळे मिटून हलत होतो. तिनं बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, “बोल काई समजत नाई बाप्पा, पन खंजिरी तं आपल्या महाराजांचीच हाय.” आम्ही हसलो. हसायला नको होतं. मोटाउनच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत जॅक ॲशफर्ड नावाचा माणूस खरोखर खंजिरीच वाजवायचा, आणि ती काढून घेतली तर निम्मी गाणी लुळी पडतील. सोल आलं चर्चच्या भजनांतून. अरेथा फ्रँकलिनचे वडील तर डेट्रॉइटमध्ये प्रवचनकार होते. एकानं ओळ टाकायची, समुदायानं उचलायची, लय चढवत न्यायची. मोझरीच्या तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन ऐकत वाढलेल्या बाईला ते ओळखायला दोन मिनिटं लागली. आम्हाला रद्दीतलं मासिक लागलं होतं.

आता मी कापसावर येणार आहे. घरच्यांनी या जागी उठून चहा ठेवायची पद्धत आहे, वाचकांनीही ठेवावा.

माझा सिद्धांत असा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला. तो कापूस वेचणारे गुलाम होते. इकडे लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, मजुरांच्या चुली विझल्या आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. नजर आधीपासून होतीच, १८५३ मध्ये निजामाकडून त्यांनी वऱ्हाड घेतला होता. मग अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७० मध्ये खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी काढलेल्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आमच्या पऱ्हाटीचं बोंड लँकेशायरला गेलं. तिकडे अमेरिकेत गुलामी संपली, आणि पुढे त्या गुलामांची नातवंडं-पतवंडं दक्षिण सोडून डेट्रॉइटच्या मोटारींच्या कारखान्यांत आली. त्यांच्या पोरांनी गाणी म्हटली. काही गाजली, पुष्कळ पडली. आणि ही पडलेली, कुणी न विकत घेतलेली गाणी डोक्यावर कुणी घेतली? लँकेशायरच्याच कामगारांच्या पोरांनी! विगन नावाच्या गावात, जिथे खाणी होत्या आणि सुताच्या गिरण्या होत्या, एका कॅसिनोत १९७३ पासून १९८१ पर्यंत रात्रभर हीच गाणी वाजायची. नॉर्दर्न सोल म्हणतात त्याला. तिथे गाजलेलं गाणं लावणं कमीपणाचं. जितकं गाणं अपयशी तितकी त्याची तबकडी मोलाची. तेव्हा कापूस तोच, गिरणी तीच, गाणंही त्याच कापसाच्या शेतातून निघालेलं, आणि या सगळ्या फेऱ्यात मधलं एक स्टेशन आपलं अकोला! सोल संगीतावर वऱ्हाडाचा हक्क आहे, निदान एक आणा तरी.

हा सिद्धांत मी चार लग्नांत, एका तेराव्याला आणि गुरुजीच्या निवृत्तीच्या समारंभात मांडला आहे. अकोलेकराची प्रतिक्रिया चाळीस वर्षांत बदललेली नाही. “बराबर हाय तुहं. मंग चुकारा कुठी हाय?”

ब्रायटनचंही सांगायला हवं. १९६४ च्या मे महिन्यात मॉड पोरं स्कूटरी घेऊन ब्रायटनच्या समुद्रकाठी गेली आणि मोटारसायकलवाल्या रॉकर लोकांशी त्यांची हाणामारी झाली. आम्हालाही ब्रायटन हवं होतं. अमरावतीपासून सोयीचा समुद्र नसल्यामुळे आम्ही १९८१ च्या मे महिन्यात अकोल्याला, मोर्णा नदीच्या काठी जायचं ठरवलं. स्कूटरी दोन, माणसं चार, अंतर शंभरेक किलोमीटर. रॉकर म्हणून राजदूतवर कॅन लटकवलेले दूधवाले होते, पण ते पहाटेच भराभर पुढे निघून गेले. आमच्याशी भांडायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

मूर्तिजापूरच्या अलीकडे विजय सुपर बंद पडली. प्लग काढला, पालिश पेपरनं घासला, फुंकला, लावला. किक मारली. परत काढला. गुरुजीनं कार्बोरेटरमध्ये कचरा आल्याचं निदान केलं, वकिलानं कंपनीवर दावा लावायचं ठरवलं. मी कोट काढला नाही. शेवटी सरकीच्या ढेपेचा एक रिकामा ट्रक थांबला. स्कूटर वर चढवली, आम्ही चढलो, आणि त्या ट्रकच्या मागच्या फळीवर उभं राहून, कोटाला ढेपेचा भुसा लावून मी अकोल्यात प्रवेश केला. मोर्णा कोरडी होती. आरसे चार उरले होते.

पुढची वर्षं भराभर गेली, सगळ्यांची जातात तशी. मी बँकेत चिकटलो. स्कूटर दोन हजारांत भंगारवाल्याला द्यायची पाळी आली तेव्हा अकोलेकर ट्रॅक्टर घेऊन आला आणि घेऊन गेला. पैसे त्यानं दिले नाहीत आणि मी मागितले नाहीत. तोवर तो वडिलांच्या पंधरा एकरांत परतला होता. कापूस लावायचा, एकाधिकार खरेदीच्या केंद्रावर रांगेत रात्र काढायचा, आणि चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने थांबायचा. फोनवर मात्र विचारायचा, “नवी कॅसेट भेटली काय बे?”

२००६ च्या उन्हाळ्यात दोन महिने त्याचा फोन आला नाही. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यांची नावं पेपरात कोणत्या कारणानं येत होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. जुलैच्या पहिल्या तारखेला पंतप्रधानांनी विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते मी टीव्हीवर पाहत होतो आणि माझ्या पोटात एकाएकी गोळा आला. वकिलाला उठवलं, गुरुजीला घेतलं, रात्री दहाला बस पकडली. बसमध्ये तिघांपैकी कोणी एक शब्द बोललं नाही. मी आयुष्यभर या माणसाला कापसाचा इतिहास ऐकवला होता, आणि त्याच्यावर कर्ज किती आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

तो अंगणात खाटेवर पडला होता. आम्हाला पाहून उठून बसला. “काय बे, कोन मेलं?” 

कोणी काही बोललं नाही. गुरुजी रडायला लागला. मग त्याला समजलं. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला आणि म्हणाला, “फोनचं बिल भरलं नोतं रे. चहा घेता?” बाकीचं त्यानं पहाटेपर्यंत थोडं थोडं सांगितलं. ते त्याचं आहे, इथे लिहीत नाही. वकिलानं सोसायटीच्या कागदांचं पाहिलं, माझ्याकडून जे झालं ते मी केलं. टू-इन-वन त्यानं विकला नव्हता.

गेल्या दिवाळीत आम्ही परत त्याच्या वावरात जमलो. तीन आजोबा, चौथा गुडघा बदलून आलेला. गोठ्यात विजय सुपर उभी असते. तिच्या सीटवर कोंबडी बसते आणि उरलेल्या एका आरशात अकोलेकर दाढी करतो. त्या दिवशी कुठूनसा पत्ता काढून एक दलाल आला. जुन्या लॅम्ब्रेटा गोळा करायच्या, लांबी भरून, चकचकीत रंग मारून इंग्लंडला पाठवायच्या, असा त्याचा धंदा. तिकडच्या म्हाताऱ्या मॉड लोकांना हव्या असतात. मी कोंबडी उडवली, शर्टाची बटणं लावली आणि त्याला सांगायला सुरुवात केली की मूळ मालक मी, वऱ्हाडातला पहिला... त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. अकोलेकराला म्हणाला, “काका, आकडा बोला.”

अकोलेकरानं गालाचा साबण पुसला. “जानार कुठी म्हनता?”

“इंग्लंडला. तिकडं मँचेस्टरच्या बाजूला लई मागणी आहे.”

“लँकेशायर?”

“असंल काका, तेच असंल.”

“मंग त्याइले सांगा,” अकोलेकर म्हणाला, “पहिले कापसाचा चुकारा धाडा मना. १८६५ पासूनचा. स्कूटरचं मंग पाहू.”